ऑर्कुटवर चांगुणाबाई

मी पंचवटीत भाजी विकते. माझा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जातो, पण माझ्या किशोरला घरात हाक मारली तर ऐकू येईना.

सगळं ध्यान त्या ऑर्कुटात! इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर मागं राहिलेला, यंदाही उडाला तर वर्ष वाया. अन् हा बाबा गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत पडीक. म्हणे, "मित्र नोट्स पाठवतात." म्हटलं, चल, बघू तरी.

मेथीची पिशवी घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले अन् निवडत निवडत बघत राहिले. नोट्स कुठल्या आल्यात! कोणाचा फोटो, कोणाची थट्टा. किशोर लाजून म्हणाला, "आई, तू जा ना."

"का जाऊ? मला पण खातं काढून दे."

"तुला?"

"मला काय तोंड नाय? काढ!"

काढलं बाई. मला टाइप येत नाय, म्हणून मी सांगायचं अन् त्यानं लिहायचं. त्याच्या एकेका दोस्ताच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं: "मी किशोरची आई. अभ्यास झाला का?" रोज बाजार आटपला की हेच. दोस्त पटापट गायब झाले. 

"माझी पार इज्जत घालवलीस," किशोर लय चिडला. मी म्हटलं, गेली तर गेली.

एक पोरगी तेवढी टिकली. उज्ज्वला, त्याच्याच वर्गातली, सुरगाण्याकडची, हॉस्टेलात राहणारी. तिनं लिहिलं, "मावशी, मला असं कोणी विचारतच नाही. रोज विचारा." मग रोज विचारलं.

एक दिवस तिचं उत्तर आलं, "माझा झाला. किशोरचा झाला का?"

किशोरची बोटं थांबली. "आई, काय लिहू?"

"खरं हाय ते लिही."

त्यानं "नाही" लिहिलं, कॉम्प्युटर बंद केला अन् घरी येऊन गणिताला बसला. मग परीक्षेपर्यंत उठलाच नाय म्हणा ना.

निकालाच्या दिवशी मी गिऱ्हाइकाला कोथिंबीर देत होते. बाजाराच्या पार टोकाकडून आवाज आला, "आई! सुटलो!" माझंच पोरगं ते, आवाज माझ्यावरच गेलाय. डोळे भरून आले माझे, लपवू कशाला?

"अन् उज्ज्वला?" मी तिथूनच ओरडले.

"फर्स्ट क्लास! विचारतेय, मावशी पुढच्या वर्षीपण विचारतील ना?"

"विचारणार म्हणून सांग! अन् तुलाही!"