उजवी भुवई

आईच्या भुवईवरचा व्रण मीच केला आणि मीच पुसला. केला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, पुसला तेव्हा सव्वीस वर्षांचा. आता बहात्तराव्या वर्षी तोच व्रण पुन्हा जागेवर बसवायला निघालो, तर तो कुठल्या भुवईवर होता यावरून सख्ख्या बहिणीशी भांडण जुंपलं.

मी फोटो स्टुडिओत टचिंग करायचो. म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल आणि पातं चालवून लोकांचे चेहरे सुधारायचो. सुरकुत्या, मस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं माझ्या टेबलावर येऊन नाहीसं व्हायचं. चाळीस वर्षं हेच केलं आणि पोट भरलं. एकही गिऱ्हाईक 'हा मी नव्हे' म्हणून परत आलं नाही. स्वतःचा चांगला फोटो कोणाला खोटा वाटतो?

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे डोळे चाललेत. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, की वर्षभरात उजेड आणि अंधार एवढंच कळेल, तेव्हा बघायचं ते बघून घ्या. मला वाटलं, ही समुद्र बघायचा म्हणेल, नातवंडं म्हणेल.

"मला आई बघायचीय," ती म्हणाली.

आईचा फोटो एकच. मीच आमच्या स्टुडिओत काढून घेतलेला. मी तो भिंतीवरून उतरवून तिच्या हातात दिला. तिने नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि परत दिला.

"ही नको. ही तुझ्या दुकानातली बाई आहे. मला आपली आई हवी. खुणेसकट. रिटायर झाल्यापासून रंगवत बसतोस ना? मग रंगव."

आता हा फोटो म्हणजे माझी सगळ्यात नावाजलेली कामगिरी. आठ दिवस मी त्या एका भुवईवर घालवले होते. मालकाने मोठी प्रत करून बाहेरच्या काचेत लावली, आणि ती बघून लोक आत यायचे. आईला पहिली प्रत दाखवली तेव्हा तिने ती बराच वेळ न्याहाळली. "छान आहे रे," म्हणाली, "कोणाची आहे?" मी खो खो हसलो. यापेक्षा मोठी शाबासकी टचिंगवाल्याला काय मिळणार!

आणि व्रण? तो वाटीने झाला. मला जे हवं होतं ते वाटीत नव्हतं, म्हणून मी ती फेकली. वाटीत काय होतं ते आठवत नाही. आई भुवई दाबून भांड्यांपाशी बसली होती आणि ताई मला बदडत होती, एवढं आठवतं.

तर मी रंगवायला घेतलं. पहिलं चित्र आठवड्यात झालं. चेहरा फोटोवरून घेतला, पेन्सिलीने घालवलेल्या सुरकुत्या आठवून आठवून परत आणल्या आणि डाव्या भुवईवर व्रण काढला. माझ्या दृष्टीने झकास. ताईने बघितलं.

"उजवी."

"काय उजवी?"

"उजवी भुवई रे, बारक्या. डावीवर कशाला काढलास?"

"ताई, आठ दिवस ती भुवई माझ्या डोळ्यांसमोर होती. डावीच."

"आणि माझ्या डोळ्यांसमोर आई तीस वर्षं होती. रोज माझे केस विंचरायची. उजवी."

म्हातारपणी बहिणीचं ऐकायचं म्हणजे आधी नाक खाली करावं लागतं. मी दुसरं चित्र काढलं, पुन्हा डावीवरच. मग तिसरं. मामेभावाला फोन केला, तर तो छातीठोकपणे म्हणाला, "हनुवटीवर होता की!" चौथ्यात मी ताईच्या हट्टाखातर उजवीवर काढला, तर मला ती आई वाटेना. पाचव्यात दोन्हीकडे काढून एकेक बाजू हाताने झाकून बघितली. डोक्याचा पार भुगा झाला. आरशासमोर उभा राहून स्वतःची डावी भुवई चिमटीत धरली आणि ही डावी की समोरच्याची डावी, यातच दुपार गेली. सातव्या चित्रावर ताई म्हणाली, "आईसारखी दिसते. आई नाही." मी तिला म्हणालो, की तुला दिसतं कुठे धड? म्हणालो आणि जीभ चावली. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच रात्री नव्हे, चार दिवसांनी, भर दुपारी सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्टुडिओ बंद झाला तेव्हा जुन्या निगेटिव्हचं एक खोकं मी घरी आणलं होतं. गेली अकरा वर्षं मी त्याच खोक्यावर रंगांची ताटली ठेवत होतो.

आमचा मालक जुन्या वळणाचा, त्यामुळे निगेटिव्ह काचेची. खालून तिसरीच काच आईची निघाली. मी ती खिडकीत धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं; पांढरट व्रण तिथे काळा उमटतो आणि तो पात्याने खरवडावा लागतो. एकदा खरवडला की गेला. पण खरवडल्याची जागा मागे राहते. काच तिरकी केली आणि ती जागा चमकली. डावी! मी एकटाच मोठ्याने "डावी!" ओरडलो आणि फोन उचलला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या नंबराकडे लक्ष गेलं. मालक प्रत्येक काचेवर नंबर घालायचा. तो उलटा दिसत होता.

मी फोन खाली ठेवला. काचेच्या एकाच बाजूला चित्राचा थर असतो आणि टचिंग त्याच बाजूने करावं लागतं. त्या बाजूने बघितलं, की माणूस उलट्या बाजूचा दिसतो, दुकानाच्या काचेवरची अक्षरं आतून दिसतात तशी. शिकाऊ पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. मी हळूच काच फिरवली. नंबर सुलट झाला आणि व्रण आईच्या उजव्या भुवईवर गेला.

म्हणजे शेहेचाळीस वर्षं मी उलटी आई आठवत होतो. खरी आई तो व्रण घेऊन वीस वर्षं माझ्यासमोर वावरली आणि आठ दिवसांच्या काचेने तिला हुसकावून लावलं. मग तिचा भांग? हसताना वर जाणारा तो ओठाचा कोपरा? जे जे मला शपथेवर आठवत होतं, त्यातलं तिचं किती आणि काचेचं किती? मी खिडकीत उभाच राहिलो. काय खरं धरावं काही कळेना.

शेवटी पातळ कागद काचेवर ठेवला आणि खरवडलेली जागा गिरवली. आठ दिवस खपून मी इतकं नेमकं खरवडलं होतं, की व्रणाबाहेरचा कणही हलला नव्हता. कागदावर जो आकार आला तो सरळ रेघेचा नव्हता. सातही चित्रांत मी सरळ रेघ काढली होती. हा आकार वाकडा होता, वाटीच्या काठासारखा. मी खाली बसलो आणि रडलो.

आठवं चित्र ओलं असतानाच ताईकडे नेलं. मला धीर नव्हता आणि तिच्याकडे वेळ नव्हता. तिने ते खिडकीपाशी नेलं, नाकाशी धरलं, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघितलं. मधलं तिला आता दिसत नाही. मग अंगठा पुढे केला.

"ताई, ओलं आहे!"

तोवर तिचा अंगठा भुवईवरून फिरला होता. व्रण पसरला. त्याचं एक टोक कपाळावर गेलं आणि भुवईचा रंग पापणीवर उतरला.

"थांब, आण इकडे," मी पिशवीतून ब्रश काढला, "दोन मिनिटांत नीट करतो."

"हात लावलास तर हात मोडून ठेवीन."

"अगं, पण बिघडलंय ते. व्रण तसा नव्हता. मी मोजून..."

तिने चित्र छातीशी धरून माझ्याकडे पाठ केली. पदराला रंग लागला तरी तिला पर्वा नव्हती. मग मान खाली घालून, लहानपणी माझ्या तक्रारी सांगायची त्याच आवाजात, ती चित्राला म्हणाली,

"आई, बघ गं. हा तुला परत पुसायला निघालाय."

मी ब्रश पिशवीत ठेवला.