हलक्या हाताने

"काका, नट आवळताय का? इतकं दाबायचं नाही," फिजिओथेरपिस्ट मुलगी हसून म्हणाली.

नवऱ्याने हात मागे घेतला. पाण्याचे पंप खोलण्यात राठ झालेली बोटं बायकोच्या दंडावरून पिसासारखी फिरवायची, हे त्याला जमेना.

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या आणि तेव्हापासून तिचा उजवा हात सुजत गेला. लाँड्रीत इस्त्री करायची ती. इस्त्री उचलवेना, तसं काम सुटलं. आता रोजच्या मालिशने आणि पट्ट्यांनी हाताची सूज बरीच उतरली होती. मनगटाचं हाड पुन्हा दिसू लागलं होतं.

"काकू, ही सूज कायमची जात नाही, ताब्यात ठेवावी लागते," मुलगी म्हणाली. "आता घरी रोज करायचं. आणि सुरुवात हातापासून नाही, छातीपासून. आधी दुसऱ्या काखेकडची वाट मोकळी करायची, म्हणजे हातातलं पाणी पुढे सरकतं."

"मेहुणीला शिकवा," नवरा घाईने म्हणाला. "ती येईल."

बायकोने बाही खाली ओढली. ऑपरेशन झाल्यापासून ती कपडे बदलायला लागली, की त्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं.

बहीण थोडे दिवस आली. मग तिचे सासरे अंथरुणाला खिळले आणि तिचं येणं थांबलं. बायकोने डाव्या हाताने स्वतःच करून पाहिलं. पट्टी सैल पडायची. हात पुन्हा जड झाला, बोटं मिटेनाशी झाली.

एका सकाळी ती पट्टीचं टोक दातांत धरून बसली होती. तो दारात उभा राहिला.

"दे इकडे."

"राहू द्या. तुम्हाला बघवत नाही."

तो येऊन समोर बसला.

"दवाखान्यात ड्रेसिंग उघडलं, तेव्हा मी बाहेर पळालो. तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"काही बोलली नाहीस कधी."

"काय बोलणार?"

तिने बटणं काढली. तो आधी भिंतीकडे बघत राहिला. गळ्यापासून त्याची बोटं हळूहळू खाली आली, व्रणाशी थबकली. मग त्याने मान वळवून नीट पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही. तिथे काहीच कळत नाही मला."

त्याने आपला हात उचलला नाही. दुसऱ्या काखेच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने, तो कातडी सरकवत राहिला. तिला स्पर्श कळत नव्हता. ती मान खाली घालून त्याचा हात पुढे सरकताना बघत होती.