अर्धा दाब, पाव उजेड

पडवी चिडीचूप होती, तेवढ्यात दुधाच्या पातेल्यावरची ताटली खुळखुळली. कांचनने ती चटकन उचलली. खाली विजेच्या शेगडीची कॉइल मंद लाल, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.

"आई, साय मला," मांडीवरून वेदिका म्हणाली. चार वर्षांची, पण सायीवर बारीक लक्ष.

"तुलाच गं राणी. दुसरं कोण आहे इथं खायला?"

तिचा नवरा किशोर भाजीचा टेम्पो घेऊन वाशीला गेला होता. समोरच्या वाफ्यांवर बल्बची माळ पेटली होती. वाफे गेल्या वर्षापर्यंत कांचनचे; आता त्यात दिराची, भारतची शेवंती उभी होती.

शेवंतीला रात्र मोठी भासली की कळी धरायची घाई होते. म्हणून दसऱ्याला फूल हवं तर पावसाळाभर तिला दिवस मावळल्यावरही बल्बखाली जागवायचं, अजून उजेड आहे असं फसवायचं. मखमलाबादच्या शिवारात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मागच्या वर्षी कांचनने हट्टाने स्वतःची शेवंती लावली होती. ऐन बल्ब लावायच्या दिवसांत वेदिकाच्या छातीत कफ भरला. पोरीला घेऊन नाशिकच्या दवाखान्यात जाताना ती दिराला म्हणाली, "भाऊजी, तेवढे दिवे लावत जा."

"वहिनी, तुम्ही पोरीकडं बघा. दिव्यांचं माझ्यावर सोडा."

फुलं उमलली ती भर पितृपक्षात. तेव्हा कुत्रं विचारत नाही शेवंतीला. सगळा माल उकिरड्यावर गेला. भारत बांधावर उभा राहून चारचौघांत हसला. "रोज लावत होतो, वहिनी. पण फुलशेतीला हाताला गुण लागतो!"

तिला ते पटलंही होतं. लेकरू तापाने फणफणलेलं, आपलं मन थाऱ्यावर नव्हतं, आपलाच हात वाईट. किशोरने रान भावाच्या हवाली केलं तेही तिने मान्य केलं.

मग या उन्हाळ्यात पापड लाटता लाटता शेजारच्या कुसाबाई बोलून गेल्या. "दिवे लावतोय कुठला! तू दवाखान्यात असेपर्यंत एक दिवस नाय पेटले. मी इचारलं, तर म्हनला, वहिनीची हौस फिटू दे एकदाची."

कांचनच्या हातातलं लाटणं थांबलं. पोरीच्या नाकाला नळी लावलेली, तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर आपलाही श्वास अडकत होता, तेव्हा हा इथे हसत होता.

"जाऊ दे ना, भाऊ आहे माझा," किशोर म्हणाला.

तिने जाऊ दिलं नाही.

आषाढात भारतच्या सासऱ्यांचा पाय मोडला. त्यांच्या कांद्याचं बघायला तो नामपूरला निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "वहिनी, तेवढे दिवे लावत जा. मी व्हिडिओ कॉलवर बघीनच रोज संध्याकाळी."

म्हणजे बंद ठेवायची सोय नव्हती. दिवे पेटलेले दिसायला हवेत आणि शेवंतीला मात्र अंधार वाटायला हवा.

लग्नाआधी कांचनने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. सासरी त्याचा उपयोग मिक्सर उघडण्यापुरताच झाला. तिने पेटीच्या तळातून करंट मोजायचा टाँग टेस्टर काढला, त्याचा चिमटा भारतच्या तारेभोवती अडकवला. पावणेनऊ अँपिअर. दाब दोनशे तीस व्होल्ट. दाबाला करंटने भागलं की रेझिस्टन्स, सव्वीस ओहम. दोघांचा गुणाकार केला की पॉवर. दोन हजार वॉट, शंभराचे वीस बल्ब. माळ्यावरच्या जुन्या शेगडीवरही दोन हजार वॉटच लिहिलेलं. म्हणजे तिचा रेझिस्टन्सही तेवढाच.

शेगडी त्याच तारेत मध्ये जोडली, तर वीज आधी कॉइलमधून जाणार, मग बल्बमध्ये. रेझिस्टन्स दुप्पट, करंट निम्मा. बल्बच्या वाट्याला निम्माच दाब. निम्म्याचा निम्मा, म्हणजे पॉवर पाव. त्यात बल्ब गार पडला की त्याचा रेझिस्टन्स आणखी उतरतो, म्हणून पावही नाहीच. उजेड तर नावाला.

पडवीतल्या बोर्डाशी बसून तिने तार कापली, शेगडी जोडली. फोनच्या कॅमेऱ्याला अंधारात तो मिणमिणता बल्बही सूर्यासारखा दिसे.

"झकास!" नामपूरहून भारत म्हणे. "लक्ष आहे हां तुमचं, वहिनी!"

"असणारच की, भाऊजी."

कुसाबाईंनी एकदा विचारलं, "व्होल्टेज लय डाऊन हाय का गं?"

"हो ना मावशी. काय करायचं?"

आणि त्या शेगडीवर वेदिकाचं दूध तापू लागलं. सावकाश तापे, म्हणून साय जाड धरे. पोरगी बाळसं धरत होती, आणि वाफ्यात एका सकाळी कांचनच्या अंगठ्याला शेंड्यावर काहीतरी टोचलं. बाळाच्या हिरडीतला पहिला दात लागतो ना, तशी कळी. तिने ती कितीतरी वेळ चाचपली. तोंडात साखर विरघळावी तसं वाटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भारत येणार असा निरोप आला. कांचनने सकाळीच शेगडी काढली, तार पूर्ववत जोडली, चिकटपट्टी गुंडाळली.

तो आला तो थेट वाफ्यात गेला. परतला तेव्हा हातात मूठभर खुडलेले शेंडे, चेहरा उतरलेला. "कळ्या धरल्यात सगळ्या. पितृपक्षात उमलणार हे! दिवे तर मी रोज बघत होतो..."

"रोज लावत होते, भाऊजी." ती वर्षभर जपलेलं वाक्य हळूहळू काढत होती. "पण फुलशेतीला हाताला गुण लागतो."

भारतने मान वर केली. आपलेच शब्द त्याला ओळखू आले. किशोर दारात येऊन उभा होता, एकदा भावाकडे, एकदा बायकोकडे बघत. कांचनने नजर खाली घेतली नाही. तिला वाटलं, आता ते रान मागायचं. आत्ताच.

तेवढ्यात वेदिका रिकामा पेला घेऊन बाहेर आली. बोर्डाखालची मोकळी जागा तिने पाहिली, आईची ओढणी ओढली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "आई, काकांच्या दिव्यांची शेगडी तू का काढलीस?"