शनिवारची गोळी

सौंसरला लग्न होऊन आले तेव्हापासून माझा शनिवार चुकलेला नाही. दिवसभर नुसतं पाणी, संध्याकाळी गल्लीतल्या मारुतीची आरती, मगच तोंडात घास. यंदा मला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, "जेवल्याशिवाय घ्यायची नाही, साखर एकदम उतरेल." मी मान हलवली. पण गोळीचाही खाडा नको आणि उपासही मोडायला नको, म्हणून त्या शनिवारी दुपारी गोळी पाण्यासोबतच घेतली.

आरतीत टाळ्या वाजवता वाजवता हात थरथरायला लागले. पदर घामानं भिजला. निरांजनातली एक ज्योत दोन दिसू लागली. शेजारच्या पुष्पाला 'मला बसव' म्हणायला गेले, तर तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

"आलं वं माय! इंदूच्या अंगात आलं!" पुष्पा ओरडली.

बायांनी मला दोन्हीकडून धरलं. कोणी केस मोकळे केले, कोणी कपाळाला शेंदूर फासला. टाळ आणखी जोरात वाजू लागले. मला आतून सगळं कळत होतं, पण जीभ माझी राहिली नव्हती. एरवी मला 'इंदे' म्हणून हाक मारणाऱ्या सासूबाई हात जोडून पुढे आल्या.

"देवा, काय चुकलं आमचं? काय पायजे तुले, सांग."

होता नव्हता तेवढा जीव जिभेवर आणला. "साखर."

"देव साखर मागून राह्यला!" पुष्पानं घरून डबाच आणला आणि मुठीनं साखर माझ्या तोंडात कोंबली. जरा वेळानं दोन ज्योतींची एक झाली.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "देव नव्हता वो. उपाशी गोळी घेतली, त्यानं झालं."

"मले समजते. पण मायले कोण सांगन?"

सासूबाईंनी ऐकलंच. "गोळीनं माणूस साखर मागते का वं? गोळी तं साखर कमी कराची अस्ते!"



पुढच्या शनिवारी दुपारीच ओसरी बायांनी भरली. पांढुर्ण्याहून पुष्पाची नणंदही आलेली, लेकीचं लग्न जुळत नव्हतं म्हणून. मला पाटावर बसवलं. सासूबाई कानाशी म्हणाल्या, "आज पाणीबी नोको घेऊ. लवकर येते मंग."

मी हात जोडून सांगितलं, "बायांनो, माझ्यात काही येत नाही. देवाचं नाव घेऊन मी खोटं बोलू कशी?"

"पयले पयले देव असाच लपते," एक म्हातारी म्हणाली.

गोळीची वेळ झाली होती. मी उठले, स्वयंपाकघरातून भाकर आणि बेसन आणलं, मनातल्या मनात मारुतीची माफी मागितली आणि सगळ्यांसमोर घास मोडला. इतक्या वर्षांचा शनिवार गेला. डोळे भरून आले. वाटलं, आता सासूबाई बोलतील, बाया उठून जातील.

पुष्पाची नणंद पुढे सरकली. "पाहा, भाकर मागतली देवानं! डोळ्याले पाणी पाहा! वयनी, आमच्या हातच्या भाकरीचा निवद चालन ना?"

एकामागून एक डोकी माझ्या पायाशी टेकली. उठायला वाट राहिली नाही. मी भाकर संपवली, मुठीतली गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी हात पुढे केला. सासूबाईंनी तांब्या उचलला, आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग मला दिला.