खांबदरच्या गादीचे दावेदार

कावीळ झाली की माणूस राजा असो नाहीतर प्रोजेक्ट मॅनेजर, ताटात मऊ भातच पडतो. परदेशात, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळत प्रबोध महिनाभर तोच गिळत होता. कुरकुर करायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. बायकोचं, सुचित्राचं ऑफिस, त्यात दोन्ही वेळचं पथ्य तिच्याच्याने होईना, म्हणून तिने कुठलासा डबा लावला होता. दुधी, पडवळ, मुगाचं वरण. पण चव कशी अगदी घरची.

"डबा कोण देतं गं?" त्याने त्या दिवशी सहज विचारलं.

"चैताली," भांडी लावता लावता सुचित्रा म्हणाली.

"कोण चैताली?"

"आपलीच. प्रतापची."

प्रबोध ताडकन उठून बसला. "अगं, वेडबिड लागलंय का तुला?"

आता जावेकडून डबा आला तर एवढं वेड लागण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याला खांबदर माहीत असावं लागतं. घाटाखालच्या बारा गावांची ही गादी. राज्य केव्हाच गेलं, महसूल गेला, आणि हत्ती तर म्हणे कधी नव्हताच. उरलं काय, तर दसऱ्याला देवीची पहिली पूजा आणि गावची भांडणं सोडवण्याचा मान. पण ऐट विचारू नका! ही गादी बापाकडून मुलाकडे जात नाही. पाच मानकरी घरं आहेत, ती भाऊबंदांमधून एकाला निवडतात. त्यातलं एक घर निर्वंश झालं. उरलेली चार, दोन इकडे नि दोन तिकडे. इकडे म्हणजे प्रबोध, तिकडे म्हणजे त्याचा चुलतभाऊ प्रताप. दोघांपैकी कुणीही हौसेने उभा राहिला नव्हता. एकाला आईने उभं केलं, दुसऱ्याला वडिलांनी. तेव्हापासून गादी रिकामी, आणि गावात दोन तट.

बरं, माघार घ्यावी तर रिवाजात तशी सोयच नाही. सुटकेची वाट एकच. दुसऱ्या दावेदाराच्या घरचं मीठ खाल्लं की त्याला राजा मानलं, आपला दावा बुडाला. मुद्दाम खाल्लं असतं तर प्रबोधच्या आईने जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं. त्यामुळे एका ताटात जेवून वाढलेले हे दोघे भाऊ एकाच शहरात राहून एकमेकांकडे पाण्यालाही जात नव्हते. भेटायचे ते हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, आपापली कॉफी आपण आणून. हसावं की रडावं!

"तुझा रिवाज घाल चुलीत," सुचित्रा म्हणाली. "तू पिवळाधम्मक पडला होतास. मी कुणाला सांगायचं होतं? चैताली एका शब्दात हो म्हणाली. प्रतापला यातलं काहीही माहीत नाही."

प्रबोधने रिकामा डबा हातात घेतला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी सुटलो की गं! आजारपणात, न कळता खाल्लं. आईसुद्धा काय बोलणार?"

दरवर्षी घटस्थापनेच्या सकाळी सर्वांत वडील मानकरी निशिकांतकाका देवळातून दोघांना फोन करायचे आणि खांबाईदेवीसमोर विचारायचे, मीठ खाल्लंस का? यंदाचा फोन उद्याच यायचा होता. हो म्हटलं की झालं. पुन्हा कुणाच्या लग्नात कोण कुठे बसलं याचा हिशेब नको, की आईचे रडके फोन नकोत. किती वर्षांनी त्याला हलकं वाटलं.

पण प्रतापला आधी सांगायला हवं होतं. म्हणून संध्याकाळी तो अशक्त पायांनी एमआरटीची मेट्रो पकडून सेम्बावांगला गेला. दोघे जेटीजवळच्या बाकावर बसले. प्रताप मरीन इंजिनियर. अर्धं आयुष्य जहाजांवर काढून आता कुठे त्याला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली होती.

"चेहऱ्यावर रंग आलाय तुझ्या," प्रताप म्हणाला. "खरं सांगू? तू हॉस्पिटलात होतास तेव्हा मी रोज देवीला हात जोडत होतो. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते माझं मलाच कळेना."

"म्हणजे?"

"तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर उरलो मी एकटा. गादीवर बसलेल्याने शिवेबाहेर रात्र काढायची नाही. गेलोच असतो की रे मी खांबदरला! चैताली काही तिकडे येणार नाही, तिने सांगून ठेवलंय. लहानपणी आमचा क्षितिज बापाला ओळखायचा नाही, पाहुणा समजून दाराआड लपायचा. आता कुठे रोज घरी जेवतो मी."

प्रबोधने विचारून पाहिलं. "आणि दोघांनीही एकदमच मीठ खाल्लं तर?"

"मग पाळी क्षितिजची. तुझ्या अवनीला ते मोजत नाहीत, मुलगी म्हणून. त्याला विचारलं तर इथल्या इंग्रजीत 'नो लाह, पा' म्हणून मोकळा होईल तो. पण आमचे बाबा सोडतील त्याला?" प्रतापने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू उभा आहेस ना, म्हणून मी इथे आहे बघ. ते जाऊ दे. तू कशाला आला होतास एवढ्या लांब?"

"काही नाही रे," प्रबोध म्हणाला. "घरात बसून कंटाळा आला होता."

घरी येऊन त्याने सुचित्राला एवढंच सांगितलं, की चैतालीला म्हणावं, प्रतापला कधीही कळता कामा नये. सुचित्राने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि लगेच चैतालीला मेसेज केला. त्याला मात्र प्रतापचा भयंकर राग आला होता. मेल्याने आधी बोलायचं कशाला? दोन मिनिटं गप्प बसला असता, तर हा मोकळा होऊन परत आला असता.

सकाळी फोन वाजला. मागे घंटा, आरती, आणि त्यातून आईचं खोकणंही ओळखू येत होतं.

"प्रबोध, खांबाईसमोर उभा राहून विचारतोय," निशिकांतकाका म्हणाले. "दुसऱ्या दावेदाराच्या घरचं मीठ खाल्लंस का?"

देवीसमोर तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

"नाही काका."

"दावा?"

"आहे."

"बघा, माझा मुलगा!" मागून आईचा आवाज आला, आनंदाने चिरकलेला.

"शाबास," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन हं."

"विचारा," प्रबोध म्हणाला. "मी आहे."