पहिल्या बाकावर कोण बसणार?

"वाढ! येशूच्या नावात वाढ! हाडांनो, ऐका! शिरांनो, सैल व्हा!"

गावोगाव चंगाईच्या सभा घेत फिरणाऱ्या ब्रदर एलियांनी रंगरावांचे दोन्ही पाय हातात धरले होते आणि खामगावच्या कापसाच्या जिनिंगमागचं ते प्रेस्बिटेरियन पंथाचं छोटं चर्च श्वास रोखून बघत होतं. आखूड दिसणारा डावा पाय हळूहळू उजव्याच्या बरोबरीला आला. आपला पाय आखूड आहे हे रंगरावांना साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. पण वाढलेला पाय बघून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

चर्च खचाखच भरलं होतं. खिडक्यांना माणसं लटकली होती, शेजारच्या गल्लीतल्या बायाही लेकरं घेऊन आल्या होत्या. पुढचे बाक तेवढे रिकामे. ही मंडळी पुढे बसतच नाही. प्रेस्बिटेरियन माणूस स्वर्गात गेला तरी आधी मागचा बाक शोधेल, असं मागे बसलेल्या सुचिताचे सासरे म्हणत.

"हालेलुया म्हणा! सैतानाला ऐकू गेलं पाहिजे!" ब्रदर गरजले.

मंडळी "हालेलुया" म्हणाली, पण 'जरा मीठ वाढा' म्हणावं तशा आवाजात.

"विश्वास असेल त्यांनी हात वर करा!"

हात वर झाले, कोपरापर्यंत. मंडळीचे सचिव प्रेमानंद सवयीने उठून मोजायला लागले आणि म्हणाले, "बहुमतानं मंजूर."

सुचिताला हसू यायला हवं होतं. प्रेमानंद तिचा नवरा आणि हे त्याचं नेहमीचंच. जगात जे घडायचं ते देवाने आधीच ठरवून ठेवलंय, असं मानणारी ही माणसं चर्चचा पंखा उजवीकडे लावायचा की डावीकडे, यावर उपसमिती नेमतात. पण आज तिचं कशातच लक्ष नव्हतं. पुढचं नाव तिच्या लेकीचं, अर्पिताचं होतं.

अर्पिता लहानपणी ओट्यावरून पडली, मांडीचं हाड वाकडं जुळलं आणि डावा पाय आखूड राहिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. वाढत्या वयातच करावं लागेल, उशीर केला तर कंबरही वाकेल, असं बजावलं होतं. तारीख येत्या मंगळवारची.

ब्रदरनी अर्पिताला खुर्चीत बसवून तिचे पाय हातात धरले. शाळेचे काळे बूट तिच्या पायांत होते. गर्जना झाली, घाम गळला आणि मागच्या बाकांवरून सगळ्यांना दिसलं की दोन्ही बूट एका रेषेत आले. गोजरबाई, सुचिताच्या सासूबाई, हुंदके देऊ लागल्या.

"आता ऑपरेशन नको," ब्रदर म्हणाले. "देवाने दिलेल्या पायावर सुरी चालवणं म्हणजे अविश्वास. लंगडणं हळूहळू जाईल."

घरी येताना अर्पिता पहिल्यासारखीच लंगडत होती.

"मम्मी, त्यायनं पाय नाई वढला, बूट वढला."

"गप बस गं पोट्टे!" गोजरबाई कडाडल्या. "देवानं पाय देल्ला अन् तू बुटाचं घेऊन बसली?"

"अहो, मंगळवारचं काय?" सुचिताने नवऱ्याला विचारलं.

"उद्या सभेत ठराव घेऊन टाकू," प्रेमानंद म्हणाला. "आभाराचा एक, ऑपरेशन रद्द करायचा एक."

"माह्या लेकीच्या पायावर ठराव?"

प्रेमानंद भराभर पुढे चालू लागला. त्यालाही पोरीला सुरीखाली झोपवायची भीती वाटत होती आणि ब्रदरनी त्या भीतीला विश्वासाचं नाव देऊन ठेवलं होतं. हे सुचिताला कळत होतं, म्हणून तिला त्याचा रागही धड येईना. ती नुसती स्वयंपाकघर आणि अंगण करत राहिली. भाजी करपली. एक गोष्ट राहून राहून टोचत होती. आपण सगळे चपला दाराबाहेर काढून आत जातो. मग ब्रदर आजाऱ्यांना बूट घालूनच या, असं का सांगतात? पायाच्या चमत्काराला बूट कशाला?

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सुचिता बूट घातलेल्या अर्पिताचा हात धरून सरळ चालत गेली आणि पहिल्या बाकावर बसली.

मागे एकच कुजबुज उठली. चमत्कारालाही एवढी खळबळ झाली नव्हती. बाकावरची धूळ तिच्या साडीला लागली.

"भगिनी, मागे बसा," ब्रदर म्हणाले. "सामर्थ्य उतरतं तेव्हा जवळच्याला झेपत नाही."

"झेपंल मले. तुमी चालू द्या."

ब्रदरनी पुन्हा रंगरावांनाच बोलावलं. आज त्यांचा उजवा पाय आखूड निघाला. सुचिता हातभर अंतरावर होती. ब्रदरची बोटं डाव्या बुटाची टाच धरून तो हळूच बाहेर ओढताना तिने पाहिली. बूट पुढे सरकला, टाच उघडी पडली. लांबून बघणाऱ्याला उजवा पाय आखूड वाटणारच.

ती उठली. ओरडली असती तर मंडळीने मान खाली घातली असती. इथे आरडाओरडा कुणाला रुचत नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"सचिवसाहेब, मले ठराव मांडायचा हाये. रंगरावबापूंनी अन् अर्पितानं बूट काढून बसावं. पाय उघड्यानं वाढू द्या."

"भगिनी, तुम्ही देवाची परीक्षा घेताय! हे पाप आहे!"

पण प्रेमानंद गोंधळून उभा राहिला होता. मांडलेला ठराव ऐकून न घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"अनुमोदन?" त्याने विचारलं.

कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावरून गोजरबाईंचा आवाज आला.

"मी देते. देवाचं काम असंल तं उघड्या पायावरई होईल. देवाले बूट काऊन लागतीन?"

हात वर झाले, कोपरापर्यंत. ठराव मंजूर.

रंगरावांनी बूट काढले. दोन्ही पाय सारखे होते, जन्मापासून होते तसे. अर्पितानेही काढले. तिचा डावा पाय आखूड होता, काल होता तेवढाच. ब्रदर गरजले, फुंकले, त्यांनी तेल चोळलं. पाय तसूभर हलला नाही.

"इथे अविश्वास आहे!" ते ओरडले.

"हाव, हाये," सुचिता म्हणाली. "सगळे पुढं या अन् पाहा."

तिने अर्पिताला पुन्हा बूट चढवले, डाव्या बुटाची टाच धरली आणि जराशी ओढली. दोन्ही बूट बरोबरीला आले. मागच्या बाकांवरची माणसं खरोखर उठून पुढे आली आणि बुटातून अर्धी सुटलेली ती उघडी टाच त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

"एवढंच?" रंगराव म्हणाले.

"एवढंच. आपन मांगं बसतो, म्हून या लोकायचं फावते."

प्रेमानंद गुडघ्यावर बसला. पोरीचं पाऊल हातात घेऊन त्याने टाच नीट बुटात बसवली, नाडी बांधली आणि तिथेच रडला. ब्रदर एलिया केव्हा निसटले ते कुणी पाहिलं नाही. मंगळवारी अर्पिता ऑपरेशनला अकोल्याला गेली.

प्रार्थना करू नका असं सुचिता कधीच म्हणाली नाही. ऑपरेशन चाललं असताना दाराबाहेर तीही करत होती. पण जो चमत्कार जवळ आलेल्याला हाकलतो आणि डॉक्टरची तारीख चुकवायला लावतो, तो देवाचा नसतो. विचारा, जवळ जा, बूट काढायला सांगा. खऱ्याला त्याची भीती नसते.

पुढे महिने लोटले. एका रविवारी अर्पिता दारात बूट काढून अनवाणी आत आली. दोन्ही टाचा जमिनीला टेकवत ती मधल्या वाटेने चालत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. मागून काही नीट दिसेना. मग आधी गोजरबाई उठल्या, त्यांच्यामागे रंगराव, आणि मग सगळी मंडळी, ठरावाशिवायच, पुढे येऊन बसली.