तुटेल अशी लोकर

पुस्तकातला नमुना बंद गळ्याच्या स्वेटरचा होता. चौपदरी लोकर, दहा नंबरच्या सुया, आणि गळपट्टी अंगातूनच टाके उचलून विणायची. तिथंच माझं अडलं. अशी विणलेली गळपट्टी काही केल्या तुटत नाही. मला ती तुटायला हवी होती.

माझा नवरा क्रेन चालवतो. राग आला की भिंगरीला मानेमागून धरतो आणि उचलतो. भिंगरी आमची मुलगी, चार वर्षांची, वजन पंधरा किलो. मागच्या महिन्यात शर्टाच्या कॉलरचा लाल वळ तिच्या गळ्यावर उठला होता. दोन दिवस पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मी तिला बिनकॉलरचे कपडे घालायला लागले, तर त्यानं हाताला धरून उचललं आणि तिचं कोपर निखळलं. म्हणजे त्याच्या मुठीत काहीतरी यायलाच हवं होतं. फक्त पोरीचे पाय जमिनीवरून सुटायच्या आत ते पोरीपासून सुटायला हवं.

“निघून ये ना,” ताई फोनवर म्हणते. मी म्हणते, बघते. पोरीला घेऊन उंबरा ओलांडलास तर दोघींना हुकाला टांगीन, असं तो म्हणाला होता. तो रोज दोन-दोन टन हुकाला टांगतो.

लोकरवाल्या मावशींनी माझ्यापुढे लडींचा ढीग घातला. “ही घ्या. हिचा स्वेटर पोरीच्या पोरीला होईल.”

“मला न टिकणारी दाखवा.”

“अगं बाई! तुटली म्हणून गिऱ्हाइकं माझ्या नावानं बोटं मोडतात, आणि तुम्हाला हौस आलीय?”

मी एका लडीचं टोक बोटांना गुंडाळून झटका दिला. लोकर बोटात रुतली. दुसरी रुतली, तिसरीही. तेवढ्यात बाही वर सरकली आणि मावशींची नजर माझ्या मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळांवर गेली.

“कुणाच्या हातानं तुटायला हवी?” त्यांनी हळूच विचारलं.

“मोठ्या माणसाच्या. पोरीनं डोक्यातून घालताना मात्र टिकली पाहिजे.”

त्या वाकल्या आणि खालच्या खोक्यातून एक मळकट पिवळी लडी काढली. “एकपदरी. पीळच बसलेला नाही हिला. परत धाडणार होते. पण सगळा स्वेटर हिचा करू नका, चार दिवसांत चाळण होईल. अंग आणि गळपट्टी चांगल्या लोकरीची विणा. वेगवेगळी. नुसता जोड हिनं घाला, आणि पट्टीची पुढची दोन टोकंही हिनंच सांधा.”

आठवडाभर, तो कामावर गेला की मी दार लावून घ्यायची. विणलेला तुकडा पंधरा किलोच्या तांदळाच्या पोत्याला बांधायचा, त्याला पिवळ्या लोकरीनं गळपट्टी जोडायची आणि दोन्ही हातांनी हिसका द्यायचा. प्रत्येक टाक्याला जोड घातला, पोतं सरळ वर आलं. एक सोडून एक. पोतं हललं, मग तुटलं. दोन सोडून एक घातला तेव्हा गळपट्टी हातात आली आणि पोतं होतं तिथंच राहिलं. तसं दहा वेळा केलं. दहाही वेळा पोतं जागचं हललं नाही.

रविवारी सकाळी नवा स्वेटर घातलेल्या भिंगरीच्या हातून दुधाचा पेला त्याच्या मोबाईलवर सांडला.

“आंधळी आहेस काय गं?” त्यानं मागून गळपट्टी धरली आणि हिसका दिला. टर्र आवाज झाला. भिंगरी पायांवर उभीच. तिनं एकदा गळा चाचपला आणि दाराबाहेर धूम ठोकली.

तो हातातल्या गळपट्टीकडे बघत राहिला. मग कडेची पिवळी लोकर अंगठ्यानं उलगडून बघितली. रोज सकाळी साखळ्या आणि दोर तपासणारा माणूस तो. त्याला कळायला कितीसा वेळ लागणार.

“अच्छा,” तो म्हणाला. “जोड कच्चा ठेवलास. म्हणजे मी कधी धरतोय याची वाटच बघत होतीस.”

“तिचा गळा...”

“आणि हा पट्टा? हा पण कच्चाच?”

त्यानं गळपट्टी माझ्या गळ्याभोवती टाकली, दोन्ही टोकं मागे घेतली आणि पीळ दिला. मीच विणलेली चौपदरी. कुठंच उसवेना. माझे पाय ओट्यावर आपटले, भांडी खाली आली. माझ्या गळ्याचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मग पीळ आवळायला त्याचा एक हात पुढे आला, आणि तोंडाशी आलेला अंगठा मी चावला. हाडाला दात लागेपर्यंत चावला. तो गुरासारखा ओरडला. मी सोडला नाही. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि मग अंगठा हिसकावून घेताना तो स्वतःच मागे कोलमडला.

मी बाहेर पडले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

भिंगरी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभी होती. मी पुढे झाले तशी ती भिंतीला चिकटली आणि दोन्ही हातांनी तिनं आपला गळा झाकला. माझ्यापासून.

आतून दारावर लाथ बसली. कडीचा एक स्क्रू बाहेर आला. तिला काखोटीला मारून पळावं, असं माझ्या हातांना वाटत होतं. मी खाली बसले. तळहात उघडा तिच्यापुढे धरला आणि तसाच ठेवला.

दुसरी लाथ.

“आई, तोंडाला रक्त आहे,” ती म्हणाली.

“माझं नाही.”

“आधी पूस.”

मी पदरानं ओठ पुसले, हनुवटी पुसली. तिनं नीट बघून घेतलं. तिसरी लाथ बसली तेव्हा तिनं माझं एक बोट धरलं होतं, आणि आम्ही चौकीच्या दिशेनं जिना उतरत होतो, तिच्या पायांना जमेल तेवढ्याच वेगानं.